जलाशयाकाठचे घर : हौस, कायदा आणि पाण्याचा हिशेब

नाथसागराच्या परिसरातील 'फार्महाऊस'च्या भूखंडांना शहरी मध्यमवर्गाचा ओढा वाढतो आहे. पाण्याच्या दर्शनासाठी आयुष्याची बचत गुंतवण्यापूर्वी त्या पाण्याचा आणि त्या जमिनीचा इतिहास समजून घेणे आवश्यक आहे.

चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आणि विमानतळ यांच्या आधाराने छत्रपती संभाजीनगरच्या पूर्व भागात जी कुटुंबे स्थिरावली, त्यांच्यापैकी अनेकांची दुसरी पिढी आता कमावती झाली आहे. राहते घर झाले, गाडी आली, मुलांची शिक्षणे मार्गी लागली की पुढचे स्वप्न असते ते शहराबाहेरच्या निवांत घराचे. शनिवार-रविवारी सगळे कुटुंब एकत्र यावे, नातवंडांनी मातीत खेळावे आणि ओसरीवरून पाणी दिसावे, ही अपेक्षा मुळीच गैर नाही. मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात पाण्याचे आकर्षण असणे तर स्वाभाविकच आहे. या स्वप्नाला पन्नासेक किलोमीटरवरचा पैठणचा नाथसागर हे हक्काचे ठिकाण वाटते. बिडकीनच्या औद्योगिक प्रकल्पांमुळे पैठण रस्त्यावरील जमिनींचे भाव चढले आहेत आणि हौसेला गुंतवणुकीची जोडही मिळाली आहे.

तथापि, या व्यवहारात तीन प्रश्न गुंतलेले आहेत : जमीन घेता येते काय, तिथे घर बांधता येते काय आणि ज्या पाण्यासाठी हा खटाटोप करायचा ते पाणी तिथे राहते काय?

गुंठ्यांचा गुंता

मराठवाड्यात शेतजमिनीच्या हस्तांतरणाला हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० लागू आहे. जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, हे त्याचे सूत्र. त्यावर तुकडेबंदी कायद्याचे बंधन आहे. २०२३ मध्ये राज्य शासनाने प्रमाणभूत क्षेत्र कमी करून जिरायतीसाठी वीस आणि बागायतीसाठी दहा गुंठे ठरवले. जाहिरातींमधून विकले जाणारे दोन-तीन गुंठ्यांचे 'फार्महाऊस प्लॉट' या मर्यादेत बसत नाहीत. मग पळवाटा निघतात. दहा-पंधरा जणांच्या नावे एक एकराचे सामाईक खरेदीखत होते, किंवा केवळ मुद्रांकावरचा करारनामा नोटरीसमोर केला जातो. सातबाऱ्यावर स्वतंत्र हिस्सा येत नाही, बँक कर्ज देत नाही आणि सहहिस्सेदारांपैकी एकाचे बिनसले की सर्वांचेच अडते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये शासनाने अध्यादेश काढून १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातील तुकड्यांचे व्यवहार नियमित करण्याचा मार्ग खुला केला. त्याचा दाखला देऊन आता सारेच गुंठे कायदेशीर झाल्याचे सांगितले जाते. तो समज चुकीचा आहे. ही सवलत प्रामुख्याने नागरी आणि निवासी वापराच्या क्षेत्रांसाठी असून आज नव्याने होणाऱ्या व्यवहारांना तिचे संरक्षण नाही.

बांधकामाचेही तसेच. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत शेती विभागातील शेतघरासाठी किमान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर, जमिनीची अट आहे. शेतघराची मूळ कल्पना शेती कसणाऱ्याच्या निवाऱ्याची. वसाहत उभारण्याची सोय म्हणून तिचा वापर होणे कायद्याला अभिप्रेत नाही.

पाणी कोठवर?

लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १९६५ मध्ये पायाभरणी झालेल्या आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते लोकार्पण झालेल्या जायकवाडीचा एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे १०२ टीएमसी. त्यातील २६ टीएमसी मृतसाठा. पाण्याचा पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटरचा, परंतु तळ उथळ. अशा जलाशयात पातळी थोडी उतरली तरी काठ दूरवर सरकतो. त्यामुळे दिवाळीत अंगणाला टेकलेले पाणी उन्हाळ्यात क्षितिजावरची रेघ होते आणि मधल्या पट्ट्यात गाळपेराची पिके उभी राहतात. ही गाळपेर जमीन शासनाने संपादित केलेली असते. ती कसण्यासाठी भाडेपट्ट्याने मिळते, विकत मिळत नाही. 'थेट पाण्यापर्यंत आपलीच जमीन' असे सांगणारा मध्यस्थ बहुधा हीच जमीन दाखवत असतो.

शिवाय हा साठा केवळ पावसावर अवलंबून नाही. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातील समन्यायी वाटपाच्या तत्त्वानुसार, १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न उभा राहतो. २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये हा संघर्ष आंदोलने आणि न्यायालयापर्यंत गेला. २०१३ च्या दुष्काळात तर मृतसाठ्यातून पाणी उपसावे लागले. याउलट सप्टेंबर २०२५ मध्ये धरणाचे सर्व २७ दरवाजे उघडावे लागले आणि पैठणमधील कुटुंबांना सुरक्षित स्थळी हलवावे लागले. टंचाई आणि महापूर या दोन टोकांमध्ये हेलकावणाऱ्या पाण्याच्या काठी घर बांधणाऱ्याने दोन्हींची तयारी ठेवायला हवी.

पाखरांचा आणि शहराचा हक्क

नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात येथे येणारे रोहित आणि बदकांचे थवे याच उथळ काठाच्या आश्रयाने राहतात. अभयारण्याभोवतीचे परिसंवेदनशील क्षेत्र २०१७ मध्ये अधिसूचित झाले. अशा क्षेत्रात नव्या हॉटेल-रिसॉर्टवर कठोर निर्बंध असतात आणि इतर बांधकामांनाही छाननीतून जावे लागते.

त्याहून महत्त्वाची बाब अशी की, हेच पाणी छत्रपती संभाजीनगर पिते. शहरातील अनेक वसाहतींना वर्षानुवर्षे आठवड्याने किंवा त्याहूनही उशिरा नळाला पाणी मिळत आले आहे. २०१९ मध्ये १,६८० कोटींची नवी पाणीपुरवठा योजना मंजूर झाली. पुढे तिचा खर्च २,७०० कोटींच्या वर गेला. एवढा पैसा ओतून जे पाणी शहरात आणायचे, त्याच्या काठावर सांडपाण्याची व्यवस्था नसलेले बंगले उभे राहू देणे हा कोणता शहाणपणा? काठावरच्या शोषखड्ड्यांतून झिरपणारे पाणी अखेर चिकलठाण्याच्याच नळाला येणार आहे. हा भाग वाहत्या सुखना नदीचा नाला झालेला पाहत मोठा झाला आहे. जलस्रोताची हेळसांड कशी होते, हे येथील रहिवाशांना वेगळे सांगायला नको.

राज्यातील अनुभवही बोलका आहे. वरसगाव जलाशयाकाठच्या लवासात २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण खात्याने काम थांबवले, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि घरे घेणाऱ्यांचे पैसे अडकून पडले. बड्या कंपनीच्या प्रकल्पाची ही गत झाली, तर फलकापुरत्या उरलेल्या 'लेक व्ह्यू' योजनांचा भरवसा किती धरायचा?

मार्ग आहे

याचा अर्थ कुटुंबाने पाण्याकाठी जाऊच नये असा नाही. ज्यांना जमीन घ्यायचीच आहे, त्यांनी सातबाऱ्यावरील भोगवटादार वर्ग आणि 'इतर हक्क' हा रकाना वाचावा, जुने फेरफार तपासावेत, पाटबंधारे कार्यालयातून पूर्ण संचय पातळीची रेषा समजून घ्यावी आणि तीच जागा मे महिन्यात पुन्हा पाहावी. पुनर्वसनात मिळालेल्या वर्ग दोनच्या जमिनी सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाहीत, याचेही भान ठेवावे.

शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले आहे. धरणात जमिनी गमावलेल्या गावांतील शेतकऱ्याने चार खोल्या बांधाव्यात आणि शहरी कुटुंबाने तिथे मुक्कामाला जावे, यात दोघांचेही हित आहे. शहरवासीयाची बचत सुरक्षित राहते, शेतकऱ्याची मालकी टिकते आणि उत्पन्नही गावातच राहते. नोंदणी सुलभ करणे आणि सांडपाण्याची अट काटेकोरपणे पाळून घेणे एवढे प्रशासनाने केले तरी पुष्कळ. ज्या गावांनी शेते आणि घरे पाण्याखाली देऊन हा सागर उभा राहू दिला, त्यांना त्याच्या काठावर केवळ राखणदार म्हणून उभे राहण्याची वेळ येऊ नये. रविवारच्या विसाव्याचा हिशेब मांडताना ही बाजूही जमेस धरली पाहिजे.