नाकापेक्षा मोती जड

मोटारगाडीविषयी लेख, आणि तोही कला शाखेच्या विद्यार्थिनीचा! काहींच्या भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. परंतु माझे वडील मोटार मेकॅनिक आहेत आणि आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. ग्रंथालयाचे दार पाहण्याआधी मी जे काही शिकले, ते गॅरेजात वडिलांना पाने काढून देता देता. ज्या विषयावर चार शब्द खात्रीने बोलता येतील त्यावरच लिहावे, म्हणून हा प्रपंच.

विषय आहे छोटी गाडी 'सुधारण्याचा'. उदाहरण मारुती ८०० चे घेते. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये ८०० चे उत्पादन थांबले. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक 'एट हंड्रेड' दहा वर्षांहून जुनी. जन्मभर एस.टी.ने प्रवास केलेल्या कितीतरी घरांत पहिली चारचाकी म्हणून तीच येते. पेढे वाटले जातात. आणि आठ दिवसांत घरातला तरुण मुलगा तिला घेऊन गॅरेजात हजर होतो. त्याला काय हवे असते? रुंद टायर, चकचकीत अलॉय व्हील आणि गाडी चार बोटे खाली! ब्रेकविषयी मात्र तो चकार शब्द काढत नाही.

माझे म्हणणे एवढेच, की खर्चाचा हा क्रम उलटा आहे. आधी सांगाडा तपासावा, मग टायर, मग ब्रेक, त्यानंतर सस्पेन्शन. शोभेचा नंबर शेवटचा.

सांगाड्यापासून सुरुवात का? ट्रकला असते तशी वेगळी चासी या गाडीला नाही. पत्र्याची अखंड बॉडी हीच तिची चासी. पुढचे शॉकॲब्सॉर्बर वरच्या बाजूला ज्या दोन पत्र्याच्या बुरुजांत बसवलेले असतात, ते बुरुज आणि गाडीचा तळ पावसाने गंजतात. या बुरुजांना जोडणारा आडवा दांडा बाजारात मिळतो. त्याने पुढचा भाग ताठ होतो, हे खरे. पण बुरुजच गंजाने पोखरला असेल तर दांड्याने आधार कशाचा घ्यावा? कुजलेल्या वाशांवर नवी कौले घालण्यासारखेच ते! गंज कापून चांगला पत्रा वेल्ड करणे, हे पहिले काम.

ब्रेक चाकाला थांबवतो. गाडीला थांबवतो तो टायर. एकेक टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३१९ असे असेल तर तो २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला. नक्षी शाबूत दिसली तरी जुने रबर कडक होऊन पकड सोडते. किती जण हे आकडे वाचतात?

आता ब्रेक. या गाडीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहेत. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो आणि मागची चाके हलकी होतात. म्हणून नुसते मागचेच ब्रेक जोरदार केले, तर मागची चाके आधी अडकतात आणि गाडीची शेपटी फिरते. चांगल्या प्रतीचे पॅड, नवे रबरी होस, मागच्या लायनरची जुळणी आणि ताजे ब्रेक ऑईल, एवढ्यानेच जुनी गाडी बदलून जाते. ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषून घेते. 'डॉट ३' प्रतीचे नवे ऑईल निदान २०५ अंशांपर्यंत उकळू नये, असे प्रमाण आहे. ओल शोषल्यावर हेच प्रमाण १४० अंशांवर येते. 'डॉट ४' ला ते २३० आणि १५५ आहे. आमच्या भागातून चिपळूणला जायचे तर कुंभार्ली घाट उतरावा लागतो. सतत दाबून ब्रेक तापला आणि ऑईलची वाफ झाली, तर पेडल सरळ तळाला जाते. गाडीत त्या वेळी पाच माणसे आणि सामान असते. शिवाय वेग ४० वरून ८० झाला की थांबवायची ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. हे तर आपण शाळेतच शिकलो!

सस्पेन्शनची गोष्टही तशीच. झिजलेले बुश, बॉल जॉइंट आणि शॉकॲब्सॉर्बर बदलून अलाइनमेंट करून घेतली, तर गाडी पुन्हा सरळ धावते. त्याऐवजी स्प्रिंगचे वेढे कापून गाडी खाली बसवतात. कापलेली स्प्रिंग अधिक कडक होते, आणि मोठ्या खड्ड्यात चाक लोंबकळले की जागेवरून सुटूही शकते. बारा इंची चाकांसाठी बेतलेल्या, साडेसहाशे किलोंच्या आसपास वजनाच्या या गाडीला मोठाली चाके म्हणजे नाकापेक्षा मोती जड. टायर कमानीला घासतो, बेअरिंगवर ताण येतो, आणि चाकाचा घेर वाढल्यामुळे तेवढ्याच पायाच्या जोरावर ब्रेकची पकड कमी पडते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ तपशिलात मनमानी फेरफार करता येत नाही, हेही ध्यानात असावे.

'हौसेला मोल नसते', असे कोणी म्हणेल. मलाही हौस कळते. परंतु ती आई, भाऊ, बहिणींना मागच्या सीटवर बसवून भागवायची का?

माझे वडील स्प्रिंग कापून देत नाहीत. "आधी ब्रेक करून घे, बाळा," असे ते मुलाला सांगतात. मुलगा हसतो आणि पुढच्या गॅरेजात जातो. त्याच्याबरोबर आमचे त्या दिवसाचे पैसेही जातात, आणि माझी फी याच पैशांतून भरली जाते. तरीही त्यांनी ती कापू नये, असेच मला वाटते.

इतिहासाच्या तासाला आपण 'सुधारणा' हा शब्द वारंवार ऐकतो. जे दुबळे आहे ते आधी बळकट करणे, हाच तिचा अर्थ ना? मग गाडीलाच वेगळा न्याय का? आपल्यापैकी अनेकांच्या दारी लवकरच पहिली गाडी येईल. मित्रमैत्रिणींनो, तिच्यावरचा पहिला रुपया ती थांबावी म्हणून खर्च करा. दिसण्यासाठी पुढे आयुष्य पडले आहे.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला