मातीला वाफसा मिळू द्या

जे. पी. नगरातल्या मराठी शेजाऱ्यांना जाहीर आवाहन



आपल्यापैकी अनेकांचं शेत कधीच मागे सुटलं, पण ‘वाफसा’ हा शब्द अजून कानात असेल. पावसाची उघडीप झाली की आजोबा रानातली मूठभर माती दाबून बघायचे. गोळा झाला आणि बोट लावताच सुटला, की म्हणायचे, वाफसा आला. अशा मातीत ओलही असते आणि हवाही. ती हवा आपण आपल्या वस्तीत कोंडत चाललो आहोत, म्हणून हे पत्र.

गेल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीच्या खताच्या पिंपाला कुजक्या अंड्यांसारखा वास सुटला. काठी घालून पाहिलं, तर तळाला काळा, चिकट लगदा. आम्ही नुसता ओला कचरा टाकत गेलो होतो आणि पिंपाची भोकं बुजली होती. सगळं बाहेर काढलं, त्यात वाळका पाला आणि नारळाच्या शेंड्या मिसळल्या, भोकं मोकळी केली. आठवड्याभरात वास गेला आणि खताला छान ऊब आली.

तो वास मिथेन वायूचा नव्हता. मिथेनला वासच नसतो. पण हवा संपल्याची ती वर्दी होती. प्राणवायू संपला, की मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव कामाला लागतात. भाताच्या खाचरात, तळ्याच्या गाळात, कचऱ्याच्या डोंगराच्या पोटात तेच असतात. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट, तर वीस वर्षांच्या हिशेबाने ८० पट तापवतो.

मातीत याच्या उलट काम करणारेही आहेत. जिथे हवा खेळते तिथले काही जीवाणू मिथेनवरच जगतात. खाचराच्या खोल चिखलात तयार झालेला बराच मिथेन ते वरच्या थरात आणि भाताच्या मुळांपाशीच फस्त करतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. मोनाली रहाळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याकडच्या भातखाचरांतून असे जीवाणू वेगळे करून वाढवले. त्यातल्या एकाचा आकार काकडीसारखा, म्हणून त्याचं नाव मिथायलोकुकुमिस ओरायझी. जगभरच्या कोरडवाहू आणि जंगलातल्या मातीतले जीवाणू तर थेट वातावरणातला मिथेन ओढून घेतात, वर्षाला सुमारे ३ कोटी टन. म्हणजे मिथेन सोडणारी मातीच आणि गिळणारीही मातीच. कोणाचं पारडं जड होणार, हे बरंचसं हवेवर ठरतं.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे:

१. पाचोळा प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, पेटवू तर मुळीच नका. उन्हाळ्याच्या तोंडी आपल्या रस्त्यांवर पडणारा पाला पोत्यात साठवा. पावसाळ्यात खताला तोच लागतो.

२. ओला कचरा वेगळा ठेवा. प्लास्टिकसकट गेलेलं उष्टं-खरकटं शहराबाहेरच्या ढिगात दबतं आणि तिथे हवेविना कुजतं. घरी खत करत असाल, तर ओल्यावर दरवेळी सुक्याचा थर द्या आणि आठवड्यातून एकदा ढवळा.

३. झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट किंवा फरशी नेऊ नका. निदान हातभर आळं मोकळं ठेवा, त्यावर गाडी चढवू नका. माती दडपली की पाणी मुरत नाही आणि हवाही आत जात नाही.

४. हिरवळीवर युरिया फेकू नका. त्यातून सुटणारा अमोनिया मिथेन खाणाऱ्या जीवाणूंच्या आड येतो. शिवाय जास्तीच्या नत्रापासून मातीतले दुसरे जीवाणू नायट्रस ऑक्साइड बनवतात, आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवतो.

५. निर्माल्य तळ्यात सोडू नका. ते तळाशी बसून कुजतं, पाण्यातला प्राणवायू संपवतं. फुलं खतात घाला; देवाची फुलं मातीलाच मिळतील.

एकट्या घराने काय होणार, असं वाटेल. सातव्या फेजमधलं पुट्टेनहळ्ळी तळं आठवा. २०१० मध्ये आसपासच्या रहिवाशांनी न्यास स्थापून ते राखायला घेतलं. आज तिथे पक्षी बघायला माणसं येतात. तळं राखणारीही आपल्यासारखीच फ्लॅटमध्ये राहणारी, नोकरी-घर सांभाळणारी माणसं होती. आपल्याला तर तळं नाही, एक पिंप आणि एक आळं सांभाळायचं आहे.

सुरुवात येत्या रविवारी करू या. मुलांना, नातवंडांना घेऊन खाली उतरा. दारातल्या झाडाच्या आळ्यातली मूठभर माती दाबा, बोटाने टोचा. सुटली तर ती तशीच राखा. ढेकळासारखी घट्ट राहिली, तर खुरप्याने हलकेच मोकळी करा आणि वर पाचोळा पसरा. आणि मुलांना ‘वाफसा’ हा शब्द तेवढा सांगा.

आपली शेजारीण,
जे. पी. नगर, बंगळुरू