आंधळं मांजर आणि आपली जीवदया



दशलक्षण पर्व जवळ आलं की आपल्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर जीवदयेची आवाहनं सुरू होतात. गोशाळेला चारा, पांजरपोळाला देणगी, पक्ष्यांना दाणे. आपण पैसे पाठवतो, पावती येते, पावतीचा फोटो गटावर जातो, खाली वीस जणी हात जोडतात. यात वाईट काहीच नाही. पण त्याच गटावर कुणी आंधळ्या मांजराचा फोटो टाकून "कुणी सांभाळेल का?" असं विचारलं की गट गप्प होतो. आणि कुणी सांभाळायला घेतलंच, तर मात्र सगळ्यांना बोलायला सुचतं.

आमच्या घरी तीन वर्षांपासून एक आंधळी मांजरी आहे. मनी तिचं नाव. रस्त्यावरच्या पिल्लांमध्ये पसरणाऱ्या सर्दीच्या आजारात तिचे दोन्ही डोळे गेले आणि डॉक्टरांना ते काढावे लागले. तिच्यावरून या तीन वर्षांत मी चार वाक्यं पुन्हा पुन्हा ऐकली आहेत. मंदिराच्या पायरीवर, लग्नाच्या पंगतीत, हळदीकुंकवाला. आज त्या चारही वाक्यांना उत्तर देते. राग आला तर येऊ द्या, पण शेवटपर्यंत वाचा.

पहिलं वाक्य: "जैनाच्या घरात मांजर? ते तर हिंसक जनावर!"

हे म्हणणाऱ्यांकडे शास्त्राचा आधार आहे, तो मी लपवणार नाही. कार्तिकेयानुप्रेक्षेत मांजर वगैरे प्राणी बाळगणं अनर्थदंडात धरलं आहे. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांमध्ये 'असतीपोषण' आहे आणि त्यात मांजर, कुत्रा, पोपट पाळणं येतं. पण पुढचं वाचायचा कंटाळा का करायचा? हेमचंद्राचार्यांनी तिथे स्पष्ट म्हटलं आहे की हे पाळणं धनासाठी असेल तर. आणि अनर्थदंड म्हणजे कारण नसताना ओढवून घेतलेली हिंसा. उंदीर मारावेत म्हणून वखारीत मांजर ठेवणं, शिकारीसाठी कुत्रा पोसणं, हे त्यात येईल. दोन्ही डोळे गेलेलं पिल्लू गटाराच्या कडेला पडलं आहे, ते उचलून घरात आणणं यात धन कुठे आहे आणि हौस कुठे आहे?

आणि एक सांगा. कमठाच्या पेटलेल्या लाकडात जळणाऱ्या नागजोडीला वाचवायला पार्श्वनाथ पुढे झाले, तेव्हा त्यांनी आधी नाग काय खातो याची चौकशी केली होती का? नाग बेडूक गिळतो, उंदीर गिळतो. त्याच जोडीला आपण आज धरणेंद्र-पद्मावती म्हणून हात जोडतो, पद्मावतीची ओटी भरतो. ओटी भरून घरी यायचं आणि दारातल्या मांजराला 'हिंसक' म्हणून हाकलायचं, हा कुठला न्याय?

दिल्लीतल्या मोहम्मद सौद आणि नदीम शहजाद या भावांवर शौनक सेन यांनी 'ऑल दॅट ब्रीद्स' हा माहितीपट केला. २०२२ साली सनडान्स आणि कान, दोन्ही महोत्सवांत त्याचा गौरव झाला. या भावांना एक जखमी घार सापडली होती. ती घेऊन ते पक्ष्यांच्या धर्मादाय रुग्णालयात गेले, तर घार मांस खाते म्हणून तिला घेतलं नाही. मग ते स्वतःच शिकले आणि घराच्या तळघरात घारींवर उपचार करू लागले. आजवर हजारो घारी त्यांच्या हातून बऱ्या होऊन आकाशात गेल्या. तो माहितीपट पाहताना मला एकच वाटत होतं: ज्यांच्या धर्मात सगळ्यात सूक्ष्म जीवांचा विचार आहे, त्यांच्या घरातल्या मुलांना ही घार का सापडली नाही? सापडली असती, तर आपण तिला आत घेतलं असतं का?

दुसरं वाक्य: "तिचं कर्म. आपण काय करणार?"

तिच्या असातावेदनीय कर्माचा उदय आहे, मान्य. पण तो तिचा उदय. तो पाहून आपल्या मनात काय उठतं, ते आपलं कर्म. कर्मसिद्धांत आपल्याला स्वतःकडे पाहायला दिला आहे, दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरवायला नाही. सासूबाईंना पक्षाघात झाला तर "त्यांचं कर्म" म्हणून आपण त्यांना भरवणं थांबवत नाही. वैयावृत्त्याला आपण तप म्हणतो. जैन प्रतीकाखाली तत्त्वार्थसूत्रातलं जे सूत्र आपण लग्नपत्रिकेवरसुद्धा छापतो, ते जीवांनी एकमेकांना उपकारक होण्याबद्दलच आहे. ते फक्त छापण्यासाठी नाही.

आणखी एक. डोळे गेले म्हणून ती पंचेंद्रियातून चतुरिंद्रियात उतरत नाही. संज्ञी पंचेंद्रिय जीव आहे ती, तुमच्या-माझ्यासारखी. महावीरांच्या जीवाने सिंहाच्या भवात मुनींचा उपदेश ऐकून हिंसा सोडली, ही कथा आपण मुलांना सांगतो. तिर्यंच गतीतल्या जीवाला सम्यक्त्व होऊ शकतं असं ज्या धर्मात मानतात, त्या धर्मातल्या बाईने मांजराला 'जनावरच ते' म्हणून कसं टाळावं?

तिसरं वाक्य: "एवढे लाड कशाला? दूधभात घाला की, जैनाच्या घरात तेच खाईल."

मैत्रिणींनो, या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण डोळस मांजर आंधळं करण्याचा हा खात्रीचा मार्ग आहे.

टॉरिन नावाचा एक घटक असतो. माणसाचं शरीर तो स्वतः बनवतं. मांजराचं शरीर तो फार थोडा बनवतं आणि पित्तातून सतत गमावतं, म्हणून तो तिला खाण्यातून रोज मिळावा लागतो. तो प्राणिज पदार्थांत असतो. भातात, पोळीत, डाळीत नसतो आणि दुधात अगदीच थोडा. तो मिळाला नाही की डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या पेशी हळूहळू मरतात. १९७५ साली शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलं. १९८७ साली असंही दिसलं की टॉरिन कमी पडल्यावर मांजराचं हृदय फुगून कमजोर होतं. टॉरिन सुरू केलं तर हृदय पुष्कळदा सुधारतं. डोळ्याच्या मेलेल्या पेशी मात्र परत येत नाहीत. गाजर-भोपळा घालूनही उपयोग नाही, कारण त्यातल्या रंगद्रव्यापासून अ जीवनसत्त्व बनवणं मांजराला जमत नाही. आणि मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचतच नाही, जुलाब होतात.

मग काय खायला घालायचं? आमच्या घरी डॉक्टरांनी सांगितलेलं तयार खाद्य येतं आणि होय, त्यात मांस असतं. ते स्वयंपाकघरात येत नाही. मागच्या गॅलरीत वेगळा डबा, वेगळी वाटी, वेगळा चमचा. मला विचारतात, "ही कारित हिंसा नाही का?" आहे. पण इथे निर्दोष पर्याय शिल्लकच नाही, दोन दोषांतला कमी कुठला एवढंच ठरवायचं आहे. बाहेर सोडली तर ती मच्छीबाजारात तेच खाणार, नाहीतर उपाशी मरणार. घरात दूधभातावर ठेवली तर आपल्या हातांनी तिचं हृदय मारायचं आणि वर आपण शुद्ध राहिलो म्हणायचं. आपल्या वाटीची शुद्धी दुसऱ्या जीवाच्या शरीरातून वसूल करण्याला मी अहिंसा म्हणणार नाही.

काही तयार शाकाहारी खाद्यांत कृत्रिम टॉरिन घातलेलं असतं. डॉक्टरांमध्ये त्यावर एकमत नाही. त्या वाटेने जायचं असेल तर डॉक्टरांना विचारून, वेळोवेळी तपासणी करून जा. घरातला भात त्याची जागा घेऊ शकत नाही. आणि जिला यातलं काहीच पटत नाही, तिने मांजर पाळू नये, पटणारं घर शोधून द्यावं. तसं करणारीला मी दोष देत नाही. पाळायचं आणि उपासमार करायची, याला माझा विरोध आहे.

चौथं वाक्य: "बिचारीचे हाल होतात, एक इंजेक्शन देऊन सोडवा." कुणी तर पुढे जाऊन "सल्लेखनाच समजा" म्हणतं.

सल्लेखना ज्याची त्याने घ्यायची असते. जाणून, समजून, गुरूंच्या साक्षीने. दुसऱ्याने टोचलेल्या सुईला ते पवित्र नाव लावू नका. आणि हाल कुणाचे? घरी या आणि बघा. मांजर डोळ्यांपेक्षा कान, नाक आणि मिशांवर जास्त जगतं. आपल्याला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, तिला ६० हजारांच्या वर. मिशांनी ती दाराची फट, भिंतीची कड आधीच ओळखते. मनी सकाळी दूधवाल्याच्या आधी जिन्यावरची त्याची पावलं ओळखते, खिडकीत बसून पावसाचा वास घेते, घुंगराच्या चेंडूमागे धावते. आंधळेपण दुखत नाही. दुखतात ते न उपचारलेले डोळे. ते दुखणं काढणं हे डॉक्टरांचं काम, जीव काढणं नव्हे.

तिला आपल्याकडून हवं ते फार थोडं आहे, आणि गंमत म्हणजे ते सगळं आपल्या पाच समित्यांमध्ये आहे. समित्या मुनींच्या, पण त्यांचा थोडा सराव गृहिणीलाही होतो.

ईर्या: खाली पाहून चालायचं, कारण ती वाटेतच झोपलेली असते.

भाषा: हात लावण्याआधी हळू आवाजात नाव घ्यायचं. न बोलता उचललं तर ती दचकते, ओरबाडते आणि मग आपण तिला 'चिडकी' ठरवतो.

एषणा: खाण्याची वेळ, वाटी, जागा ठरलेली. पाणी तिथेच.

आदान-निक्षेपण: उचललेली वस्तू होती तिथेच ठेवायची. घराचा नकाशा तिच्या डोक्यात असतो. बादली, पाट, धान्याचा डबा वाटेत आला की तिच्यासाठी घरच बदललं. तिला उचलून नेलंत तर हवेतून कुठेही सोडू नका, वाटीपाशी किंवा ट्रेपाशी ठेवा, म्हणजे आपण कुठे आहोत ते तिला कळतं. जिन्याच्या आधी एक खरखरीत पायपोस टाका, पायाला कळतं. गॅलरीला जाळी हवीच.

उत्सर्ग: रेतीचा ट्रे एकाच जागी, रोज साफ. त्यात जीवोत्पत्ती होऊ द्यायची नाही, हे तर आपल्याला कुणी शिकवायला नको.

आमच्याकडे पाहुणे येतात आणि म्हणतात, "तुमचं घर किती नीटनेटकं असतं!" मांजरीमुळे असतं, असं सांगितलं की हसतात.

"मग पांजरपोळात द्या ना" असंही सुचवतात. पांजरपोळं गाई-म्हशींसाठी मोठं काम करतात. पण आंधळं मांजर आठवणीवर आणि ओळखीच्या आवाजावर जगतं. अनोळखी आवारात, कुत्र्यांच्या भुंकण्यात तिला नेऊन ठेवणं म्हणजे तिचा होता तो नकाशाही काढून घेणं. आणि रात्री पोत्यात घालून दूर सोडून येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: उपासमारीने, तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर टाकून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. धर्माने सांगितलेलं ऐकत नसाल तर निदान कायद्याचं ऐका.

ज्यांच्या घरी डोळस मांजर आहे, त्यांना एक सांगून ठेवते. म्हातारं मांजर अचानक भिंतीला धडकू लागलं, बाहुल्या उजेडातही मोठ्याच राहिल्या, तर "वय झालं" म्हणून थांबू नका. मूत्रपिंडाच्या किंवा थायरॉइडच्या आजारातून रक्तदाब वाढतो आणि डोळ्याचा पडदा सुटतो. त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं तर कधी कधी दृष्टी थोडीफार वाचते, आणि नाही वाचली तरी जीव वाचतो. पिल्लाचे डोळे चिकटले तर कोमट पाण्याच्या कापसाने पुसा आणि तेही डॉक्टरांना दाखवा. मनीला कुणी आठवडाभर आधी नेलं असतं, तर कदाचित एक डोळा राहिला असता. ज्या गल्लीत ती सापडली, तिथे आपलीच चार घरं आहेत.

म्हणून यंदा पर्वात देणगी द्याच, पावतीही घ्या. पण त्या दहा दिवसांत एकदा आपल्या गल्लीतून खाली पाहत, सावकाश चालत जा. चिकटलेल्या डोळ्यांचं एखादं पिल्लू नक्की दिसेल. ते घरी ठेवायलाच हवं असं नाही. डॉक्टरांपर्यंत न्या, औषधाचे पैसे भरा, घर शोधून द्या. आणि कुणी सांभाळत असेल तर तिला ती चार वाक्यं ऐकवू नका. दोन दिवस गावाला जायचं असेल तर तिचा ट्रे साफ करायला जा.

मिच्छामि दुक्कडम् आपण पर्वाच्या शेवटी सगळ्या जीवांना म्हणतो. त्या सगळ्या जीवांत मांजरही येतं.