ऑक्सिमीटरचा आकडा सावळ्या बोटावर चुकतो का? उत्तर गेमिंगच्या ग्राफिक्स कार्डात

ऑक्सिमीटरवर ९६ दिसलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. सप्टेंबर २०२०मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेची पथकं जळगाव-धुळ्यात दारोदार फिरली, तेव्हा ही चिमटी घराघरांत पोहोचली. पण तो आकडा सगळ्यांच्या बोटावर सारखाच खरा असतो का?

ही चिमटी रक्त काढत नाही. ती बोटातून लाल आणि अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश सोडते आणि पलीकडे किती पोहोचला यावरून ऑक्सिजनचा हिशेब लावते. वाटेत त्वचेतलं मेलॅनिन असतं आणि ते लाल प्रकाश जास्त शोषतं. डिसेंबर २०२०मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकी रुग्णांची आकडेवारी आली. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्ततपासणीत ऑक्सिजन ८८च्याही खाली निघाला, असं गोऱ्या रुग्णांच्या ३.६ टक्के तपासण्यांत घडलं. कृष्णवर्णीयांच्या बाबतीत हे प्रमाण ११.७ टक्के होतं.

मग साक्री-शिरपूरच्या पाड्यावर उन्हात राबणाऱ्या माणसाच्या बोटाचं काय?

याचा अंदाज संगणकावर घेता येतो. बोटाचं मॉडेल बनवायचं आणि त्यात कोट्यवधी फोटॉन सोडायचे. कुठला कुठे वळला, कुठे शोषला गेला, हे फासे टाकल्यासारखं ठरवत जायचं. ही ‘मॉन्टे कार्लो’ पद्धत जुनीच, पण वेळखाऊ. २००९मध्ये फँग आणि बोआस यांनी ‘एमसीएक्स’ हे सॉफ्टवेअर ग्राफिक्स कार्डावर चालवलं आणि वेग सुमारे ३०० पट वाढला. कापूस वेचणीसारखंच आहे हे: प्रत्येकीची ओळ वेगळी, कुणी कुणासाठी थांबत नाही. एकीऐवजी हजार जणी उतरल्या की शेत लवकर उरकतं.

एमसीएक्स मोफत आहे, कोड खुला आहे. त्यासाठी पुण्याच्या ‘परम’ महासंगणकाची गरज नाही, पोरं गेम खेळतात ते कार्ड पुरतं. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे अभियांत्रिकी कॉलेजं आहेत, सरकारी मेडिकल कॉलेजंही आहेत. तरी शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट कसला, तर चेहरा ओळखून हजेरी घेणारं आणखी एक ॲप!

अर्थात, मॉडेलमध्ये जे भरू तेच बाहेर येणार. मेलॅनिनचे आकडे परदेशातल्या गोऱ्या त्वचेचे भरले, तर उत्तरही त्यांच्याच बोटाचं मिळेल. म्हणून आधी खान्देशातल्या त्वचेची मोजणी हवी आणि शेवटी रक्ततपासणीशी ताळा. ही दोन्ही कामं मेडिकल कॉलेजची. मधलं गणित पोरं एका सेमिस्टरमध्ये करतील.