हरणाऱ्यांच्या बाजूने

विंचूरसारख्या गावी राहून 'तुमचा संघ कोणता?' असे कोणी विचारले, तर आजकाल मुंबई इंडियन्स नाहीतर चेन्नई, यांपैकी एक उत्तर अपेक्षित असते. आम्ही 'महाराष्ट्र' असे सांगतो तेव्हा समोरचा क्षणभर घोटाळतो. महाराष्ट्राचा संघ म्हणजे मुंबईच ना, असा त्याचा समज असतो. मग खुलासा करावा लागतो, की रणजी करंडकाच्या दप्तरी या राज्याचे तीन संघ आहेत: मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र, आणि नाशिक जिल्हा, पर्यायाने आमचा निफाड तालुका, यांतल्या तिसऱ्याच्या हद्दीत येतो. खुलासा पुरा होईपर्यंत ऐकणाऱ्याचा रस संपलेला असतो.

या तिसऱ्या संघाची मिळकत सांगायला फार वेळ लागत नाही. १९३९-४० आणि १९४०-४१ अशा लागोपाठच्या दोन हंगामांत विजेतेपद; त्यानंतर एकदाही नाही. मुंबईच्या नावावर ४२ विजेतेपदे आहेत. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशी तीन मिळवली. गुजरात, सौराष्ट्र, मध्य प्रदेश हे शेजारीही २०१६-१७ पासूनच्या काळात करंडक घरी घेऊन गेले. आमच्या संघाचे ते दोन विजय ज्यांच्या नेतृत्वाखाली मिळाले, ते दि. ब. देवधर पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते. १९४० साली मुंबईविरुद्ध त्यांनी २४६ धावा काढल्या, तेव्हा त्यांचे वय ४८ होते. १९९३ साली, वयाची शंभरी ओलांडून, ते निवर्तले. त्या दीर्घ आयुष्यातली शेवटची बावन्न वर्षे त्यांनी तिसऱ्या विजेतेपदाविना काढली.

संघाचा स्वभाव समजून घ्यायचा असेल तर १९४८-४९ चा हंगाम पाहावा. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ वर पोहोचले. ब्रॅडमनच्या ४५२ धावांचा जागतिक विक्रम अवघ्या नऊ धावांवर होता. तेवढ्यात विश्रांतीची वेळ झाली, आणि काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, पुन्हा मैदानात उतरायला राजी झाले नाहीत. सामना सोडून देऊन संघ निघून गेला. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये भारतीय फलंदाजाची तीच सर्वोच्च खेळी आजही आहे. निंबाळकरांना मात्र अधिकृत कसोटी सामना कधीच खेळायला मिळाला नाही. त्याच हंगामात, त्याच पुण्यात, मुंबईविरुद्ध उपान्त्य सामना झाला. मुंबईच्या ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्राच्या ४०७ आणि ६०४. एकूण २३७६ धावा, आणि तोही विक्रम अद्याप अबाधित आहे. चौथ्या डावात सहाशे चार धावा काढूनही महाराष्ट्र ३५४ धावांनी हरला. विक्रम आमच्या वाट्याला येतात ते बहुधा अशा रीतीने: अपुरे, नाहीतर पराभवाच्या पोटात दडलेले.

हा इतिहास ज्यांनी आम्हांला शिकवला, ते आमचे काका कांद्याच्या हिशेबाच्या वहीत मागच्या बाजूने रणजीचे धावफलक उतरवून घेत. पुढून कांदा, मागून क्रिकेट. दोन्ही बाजू मधोमध भेटल्या की नवी वही. वर्तमानपत्र यायला उशीर होई, आणि त्यातही महाराष्ट्राच्या सामन्याला चार ओळी मिळत, मुंबईला अर्धा स्तंभ. त्या चार ओळींवरून काका सबंध सामना उभा करीत. १९७०-७१ च्या अंतिम सामन्याची गोष्ट ते दरवर्षी सांगत. मुंबईचे गावसकर, वाडेकर, सरदेसाई वेस्ट इंडीजमध्ये इतिहास घडवत होते. इकडे सुधीर नाईकांच्या नेतृत्वाखाली उरलेल्यांची मुंबई खेळत होती. 'आता नाही तर कधी?' असे वाटण्याजोगी ती संधी. महाराष्ट्र ४८ धावांनी हरला. १९९२-९३ मध्ये लुधियान्याला पंजाबकडून अंतिम सामना गमावला, तेव्हा काकांनी वहीत धावफलक उतरवला, तारीख घातली आणि शेरा काही लिहिला नाही.

येथे एक कबुली देणे भाग आहे. नव्वदच्या दशकात आम्ही फितूर झालो होतो. सचिन तेंडुलकर ज्या संघाकडून रणजी खेळतो तो संघ सोडून दुसऱ्याची बाजू घेणे आम्हांला अडाणीपणाचे वाटू लागले. आम्हीही मराठीच, मुंबईही मराठीच, मग हा भेद कशाला, असा युक्तिवाद आम्ही काकांसमोर केला. ते रागावले नाहीत. 'भाव चांगला आहे तिकडे माल न्यावा, ते खरंच,' एवढेच म्हणाले. त्या वाक्यातला बोचरेपणा कळायला आम्हांला बरीच वर्षे लागली.

जानेवारी २०१४ मध्ये वानखेडे मैदानावर महाराष्ट्राने मुंबईला उपान्त्यपूर्व फेरीत आठ गडी राखून हरवले. विजयासाठी २५२ धावा हव्या होत्या. माढा तालुक्यातला केदार जाधव आणि जालन्याचा विजय झोल यांनी त्या नाबाद राहून पुऱ्या केल्या. त्या संध्याकाळी आम्ही घरी परतलो; म्हणजे होतो घरीच, पण परतलो. हंगामाअखेर हैदराबादला कर्नाटकाने अंतिम सामन्यात सात गडी राखून हरवायचे ते हरवलेच. काका ते पाहायला नव्हते. वहीची मागली पाने तोवर आमच्याकडे आली होती.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. खेळाडू व्यावसायिक आहेत. विजय हजारे महाराष्ट्र सोडून बडोद्याला गेले. पृथ्वी शॉ २०२५ साली मुंबई सोडून महाराष्ट्रात आला. ऋतुराज गायकवाड २०२४ मध्ये चेन्नईचा कर्णधार झाला, आणि आमच्याच गावातली मुले त्याला चेन्नईचा म्हणूनच ओळखतात. जे स्वतः संघ बदलतात त्यांच्यासाठी प्रेक्षकाने एकनिष्ठ राहण्याचा हट्ट का धरावा? आक्षेप खरा आहे, आणि निष्ठा एकतर्फी असते हेही आम्हांला मान्य आहे. परंतु प्रेक्षकाची निष्ठा खेळाडूशी केलेला करार नसतोच. ती एका भूगोलाशी असते. जालना, माढा, नाशिक, सिन्नर ही गावे एरवी बातम्यांत येतात ती दुष्काळ, अपघात वा भाव कोसळल्यामुळे. नाशिकचा सत्यजित बच्छाव फिरकी टाकतो किंवा महिला संघात सिन्नरची माया सोनवणे चेंडू हाती घेते, तेव्हा याच गावांची नावे दुसऱ्याच कारणाने उच्चारली जातात. लिलावात विकत घेतलेला संघ चांगला खेळ देतो. हे देऊ शकत नाही.

आणि पराभवाचे म्हणाल, तर त्याची लाज बाळगण्याचे आम्हां विंचूरकरांना तरी कारण नाही. विठ्ठल शिवदेव विंचूरकर पानिपतावर होते, आणि तेथून परत आले. त्या दिवशी गोल कोणी फोडला, घाई कोणाची झाली, यात त्यांच्या पथकाला दोष देणारेही आहेत. अडीचशे वर्षे उलटली तरी तो वाद मिटलेला नाही. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी पारावर जो वाद चालतो त्याची जात हीच. मराठीने एका पराभवाच्या गावाचे नाव उचलून त्याचा वाक्प्रचार केला, त्यावर कादंबऱ्या लिहिल्या, तो कधी विसरू दिला नाही. मात्र क्रिकेटवर लिहिताना हीच मराठी विजेत्यांच्या मागे धावते. मुंबईच्या मैदानांवर, तिथल्या खडूस वृत्तीवर आपल्याकडे भरपूर आणि चांगले लिहिले गेले आहे. चौथ्या डावात सहाशे चार धावा काढून हरलेल्यांवर त्या मानाने काय आहे?

अमेरिकेतल्या बेसबॉलप्रेमींना ही कला साधली आहे. बोस्टनचा रेड सॉक्स संघ १९१८ नंतर थेट २००४ साली जिंकला. शिकागोच्या कब्ज संघाला १९०८ पासून २०१६ पर्यंत थांबावे लागले. मधल्या काळात त्या शहरांनी आपल्या पराभवांच्या दंतकथा केल्या, शाप कल्पिले, पुस्तके लिहिली. २००४ च्या विजयानंतर बोस्टनमधील कित्येक जण दफनभूमीत जाऊन आईवडिलांच्या, आजोबांच्या थडग्यांवर संघाच्या टोप्या आणि झेंडे ठेवून आले. ज्यांनी निष्ठा शिकवली आणि फळ पाहिले नाही, त्यांना ते कळवायचे होते. आमचा वनवासही बोस्टनच्या शहाऐंशी वर्षांच्या घरात आला आहे. आमची दंतकथा मात्र एका कांद्याच्या वहीत पडून आहे.

धोका पराभवाचा नाही, विस्मरणाचा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये विजय हजारे करंडकात ऋतुराजने उत्तर प्रदेशाविरुद्ध एका षटकात सात षटकार मारले. ते चित्रण घरोघर पोहोचले. चारच दिवसांनी त्याच्या शतकानंतरही महाराष्ट्र अंतिम सामना सौराष्ट्राकडून हरला, हे किती जणांच्या लक्षात आहे? (तेच जुने काठियावाड. या वेळी ते शेवटपर्यंत मैदानात थांबले.) नाशिकच्या नावाचा एक संघ २०२३ साली महाराष्ट्र प्रीमियर लीगसाठी निघाला, पण ते सामने पुण्याजवळ गहुंजेला झाले. रणजीचा सामना नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर अधूनमधून येतो. विंचूरहून तिथे पोहोचायला एसटीने दोनेक तास लागतात. चार दिवस काम सोडून बसणे कोणाला परवडत नाही, हे आम्ही जाणतो. एक दिवस परवडतो.

पुढचा सामना नाशिकला आला की आम्ही घरातल्या एका शाळकरी मुलाला सोबत नेणार आहोत. तो चेन्नईचा आहे. त्याची समजूत घालण्याचा आमचा विचार नाही. वही आणि पेन तेवढे त्याच्या हाती देऊ. मागच्या बाजूला अजून बरीच पाने कोरी आहेत.