शाकुंतल आधी कालिदासानेच बदलले

एखादे अभिजात नाटक नव्या, अनोळखी रूपात रंगमंचावर आले की ‘मूळ नाटकाची मोडतोड केली’ ही तक्रार ठरलेली असते. तक्रार करणाऱ्याचे नाटकावरचे प्रेम खरे असते, म्हणून ती उडवून लावता येत नाही. पण मूळ म्हणायचे कशाला? महाभारतातल्या शकुंतलेच्या कथेत अंगठी हरवत नाही आणि दुर्वासाचा शापही नाही. तिथला दुष्यंत सगळे आठवत असूनही लोक काय म्हणतील या भीतीने भर दरबारात तिला नाकारतो. ती मुकाट परत जात नाही, सत्य आणि धर्म कशाला म्हणतात ते त्याला ऐकवते. कालिदासाने शाप आणून राजाला विसरायला लावले आणि त्याच्या माथ्यावरचा दोष उतरवला. कथेचा नैतिक कणाच त्याने बदलला. पुढे ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक केले, तेव्हा संस्कृत श्लोकांच्या जागी साक्या, दिंड्या आणि कानडी मुलखातल्या चाली आल्या. आज आपण जिला परंपरा म्हणून जपतो ती संगीत रंगभूमी अशा फेरमांडणीतूनच उभी राहिली. उद्या एखाद्या दिग्दर्शिकेने शाप काढून टाकला आणि महाभारतातली बोलणारी शकुंतला दरबारात उभी केली, तर तिने परंपरा मोडली असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

म्हणजे कोणताही बदल चालेल असे मात्र नव्हे. पात्रांना जीन्स घातली, मागे पडद्यावर चित्रफीत लावली, कर्कश संगीत वाजवले, एवढ्याने नाटकाचा नवा अर्थ लागत नाही. बदलाने नाटकातल्या मूळ झगड्याला हात घातला पाहिजे. जॉन गे याने १७२८ मध्ये लंडनमधले चोर आणि सत्ताधारी एका पातळीवर आणून ‘बेगर्स ऑपेरा’ लिहिला. बरोबर दोनशे वर्षांनी ब्रेख्तने बर्लिनमध्ये त्याच कथेतून ‘थ्रीपेनी ऑपेरा’ घडवला. १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी तिला तमाशाच्या अंगाने मराठीत आणले, ‘तीन पैशाचा तमाशा’ म्हणून. दिग्दर्शक होते जब्बार पटेल. भाषा, गाणी, वेश, शहर, सगळे बदलले. दरोडेखोर आणि प्रतिष्ठित माणूस यांत फरक किती, हा प्रश्न मात्र तिन्ही वेळा शाबूत राहिला, आणि प्रत्येक वेळी तो समोर बसलेल्या प्रेक्षकालाच विचारला गेला. माझ्या मते कसोटी हीच.

लेखकाचा शब्द पवित्र असतो, त्याला हात लावू नये, हा आक्षेप जुना आहे. त्याचे उत्तर गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त सापडते. १९१९ मध्ये ते रंगभूमीवर आले आणि बालगंधर्वांनी उभी केलेली नायिका सिंधू पाहून पिढ्या रडल्या. मरणाच्या दारात ती मारहाण करणाऱ्या नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटी जबानी देते. तेव्हाच्या प्रेक्षकाला त्यात पातिव्रत्याची परिसीमा दिसली. आज त्याच शब्दांत मार लपवणाऱ्या असंख्य बायकांचा आवाज ऐकू येतो. एक अक्षरही न बदलता, केवळ उभे राहण्याच्या जागा आणि शांततेचे क्षण बदलून, दिग्दर्शक हे दाखवू शकतो. अर्थ शंभर वर्षांत आपोआप सरकला आहे. १९१९ चाच अर्थ आज उगाळत बसणे ही गडकऱ्यांशी निष्ठा नव्हे.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो, कारण तो सोलापूरजवळच्या होटगीसारख्या गावातून येतो. इथल्या माणसाला नाटक बघायला सोलापूरला, हुतात्मा स्मृती मंदिरात जावे लागते. त्याच्या वाट्याला ‘शाकुंतल’ आयुष्यात एकदाच येणार असेल, तर ते बदललेलेच का यावे? पण हा प्रेक्षक भाबडा आहे असे धरून चालणे चूक आहे. होटगी जंक्शनवरून गाडी विजापूर-बागलकोटकडे वळते. त्या पट्ट्यात ‘श्रीकृष्ण पारिजात’ या कन्नड लोकनाट्याचे खेळ लोकांनी रात्र रात्र पाहिले आहेत, आणि पारिजातकाची तीच पुराणकथा मराठी कीर्तनातही ऐकली आहे. एकच गोष्ट दोन भाषांत, दोन थाटांत भेटते हे सीमेवरच्या माणसाला सांगावे लागत नाही. त्याची फसवणूक होते ती बदल लपवला तर. म्हणून जाहिरातीत आणि प्रयोगाआधीच्या निवेदनात काय बदलले आणि का, हे दोन वाक्यांत स्पष्ट सांगावे. मूळ संहिता गावच्या वाचनालयात असावी, आणि प्रयोगानंतर दिग्दर्शकाने अर्धा तास थांबून प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. राज्य नाट्य स्पर्धेत धाडसी फेरमांडणी करणाऱ्या हौशी संस्थांना पारितोषिकानंतर मोठ्या शहरांबाहेर, तालुक्यांत चार प्रयोग करण्याचा खर्च शासनाने द्यावा, अशी माझी मागणी आहे.