हदिया नव्हे, लाच!

मी बारावीचे क्लास घेतो. दोन वर्षांपूर्वी परदेशात एम.बी.बी.एस.चे प्रवेश करून देणारा एक एजंट माझ्याकडे आला. मी एका विद्यार्थ्याला त्याच्याकडे पाठवले. महिनाभराने मिठाईच्या डब्यासोबत पाकीट आले. "सर, हदिया समजा," तो म्हणाला. पाकीट चार दिवस माझ्या कपाटात होते. त्याच चार दिवसांत मी अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमधल्या लाचखोरीच्या प्रकरणाविषयी वाचत होतो आणि प्रत्येक पानावर मला माझे कपाट दिसत होते.

26 सप्टेंबर 2017 रोजी न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी दहा जणांवर आरोप ठेवले. त्यांत ऑबर्न, ओक्लाहोमा स्टेट, ॲरिझोना आणि सदर्न कॅलिफोर्निया या विद्यापीठांचे चार सहायक प्रशिक्षक होते, आदिदासचा एक अधिकारी होता, दलाल आणि आर्थिक सल्लागार होते. भानगडी दोन होत्या. पहिलीत सल्लागार प्रशिक्षकांना गुपचूप पैसे देत. त्या बदल्यात प्रशिक्षक आपल्या खेळाडूंना, त्यांच्या आईवडिलांना सांगत, की एन.बी.ए.त गेल्यावर पैसा याच माणसाच्या हाती द्या. दुसरीत आदिदासकडून खेळाडूंच्या घरी पैसे पोहोचवले जात, म्हणजे मुलगा आदिदासशी करार असलेल्याच विद्यापीठात जाईल. लुईव्हिलच्या एका खेळाडूच्या कुटुंबासाठी ठरलेली रक्कम होती 1 लाख डॉलर.

लोक या दोन्हींना एकाच तराजूत तोलतात. माझा वाद इथेच आहे.

खेळाडूचे घ्या. या खेळाच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रक्षेपणाचा 2010 चा करार 14 वर्षांसाठी 10.8 अब्ज डॉलरचा होता. 2016 मध्ये आणखी 8 वर्षांसाठी 8.8 अब्ज डॉलर ठरले. ज्यांच्या घामावर हे अब्ज उभे होते त्यांना नियमाप्रमाणे शिष्यवृत्ती, जेवणखाण आणि राहण्याचा खर्च एवढेच मिळे. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही प्रेषित (स.) यांची शिकवण आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. या कसोटीवर मुलाच्या घरी गेलेला पैसा चोरवाटेने आला हे खरे, पण मूळ जुल्म मजुरी नाकारणाऱ्यांचा होता. पुढे अमेरिकेलाही ते मान्य करावे लागले. 1 जुलै 2021 पासून खेळाडूंना आपल्या नावावर आणि प्रसिद्धीवर कमाई करता येऊ लागली. 2025-26 पासून विद्यापीठे त्यांना थेट उत्पन्नातला वाटाही देऊ शकतात.

मग त्या प्रशिक्षकांनाही माफ करायचे का? अजिबात नाही. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा, त्याची आई, दोघे ज्याच्या शब्दावर विसंबतात त्याने त्यांचा विश्वास परस्पर विकला. ऑबर्नच्या प्रशिक्षकाने 91,500 डॉलर घेतले, ॲरिझोनाच्या प्रशिक्षकाने 20,000. पैसे देणारा सल्लागार तपासयंत्रणेला सामील होता, पण तो मुळात स्वतःच्या ग्राहकांचे पैसे लाटल्याचा दोषी होता. अशाच माणसाच्या हाती मुलांची कमाई सोपवायला हे निघाले होते! अमानतीत खयानत यालाच म्हणतात.

जकात गोळा करून आलेल्या इब्नुल लुतबिय्याची हदीस आठवा. हे तुमचे आणि हे मला भेट मिळालेले, असे तो म्हणाला. त्यावर प्रेषित (स.) यांनी मिंबरवरून विचारले, की हा आपल्या आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर भेट चालून आली असती का? चौदा शतकांपूर्वीचा हा एक प्रश्न लावला, की प्रशिक्षकाचे कमिशनही उघडे पडते आणि माझे पाकीटही.

आता न्यायाचे बघा. शिक्षा झालेले चारही प्रशिक्षक सहायक होते आणि चौघेही कृष्णवर्णीय. दोघांना प्रत्येकी तीन महिने तुरुंग, दोघांना प्रोबेशन. आदिदासच्या अधिकाऱ्याला नऊ महिने. कोट्यवधी कमावणाऱ्या एकाही मुख्य प्रशिक्षकावर फौजदारी आरोप झाला नाही. काहींची नोकरी गेली, पण दुसऱ्या विद्यापीठांनी त्यांना पुन्हा घेतले. आणि विद्यापीठे? न्यायालयात ती 'फसवणुकीचे बळी' ठरली. कॅन्सस विद्यापीठ त्यांपैकीच एक. ऑक्टोबर 2018 मध्ये आदिदासचा माणूस त्याला फसवल्याबद्दल दोषी ठरला आणि एप्रिल 2019 मध्ये त्याच कॅन्ससने त्याच आदिदासशी 14 वर्षांचा, 19.6 कोटी डॉलरचा करार जाहीर केला. घरात चोरी झाल्यावर चोराच्या मालकाशी सोयरीक करणारा बळी मी तरी दुसरा पाहिला नाही. प्रतिष्ठिताने चोरी केली तर सोडायचे आणि दुबळ्याने केली तर शिक्षा द्यायची, यामुळेच आधीचे समाज नष्ट झाले, हा प्रेषितांचा इशारा फक्त मदरशात शिकवण्यासाठी नाही.

पण दोस्तांनो, अमेरिकेला नावे ठेवून झोपी जाणे सोपे आहे. आपल्या मोहल्ल्यातले सर, करिअर मार्गदर्शक, क्लबचे कोच कुणाकडून किती घेऊन सल्ला देतात, हे आपण विचारतो का? बाप शेत विकून मुलाला परदेशी पाठवतो, ते सरांच्या शब्दावर. त्या शब्दाची किंमत कुणी आधीच चुकती केली असेल, तर तो सल्ला नव्हे, दलाली आहे. उद्या सल्ला घ्यायला बसाल तेव्हा समोरच्याला सरळ विचारा: "सर, मला तिथे पाठवून तुम्हाला काय मिळते?" प्रामाणिक माणूस रागावणार नाही.

पाचव्या दिवशी मी पाकीट परत केले. ते फारसे कठीण गेले नाही. कठीण होते त्या विद्यार्थ्याच्या वडिलांच्या घरी जाऊन सांगणे, की मी त्या कॉलेजची धड चौकशी न करताच नाव सुचवले होते. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सर, आम्ही तुम्हालाच विचारलं होतं."